एकवीस अंशांची कृपा

पाणी थंड झालं तेव्हा दोनशे माणसांनी एकदम श्वास सोडला. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली दोनशे श्वास म्हणजे काय, हे ज्याने सोसलं त्यालाच कळेल.

भिलाईहून नंदिनी नगरकडे जाताना ट्रकांच्या गॅरेजांची एक लांब रांग लागते. ती शेड त्या रांगेतली. मध्यभागी चौरंग, चौरंगावर स्टीलची घागर आणि घागरीमागे शीतलदास महाराज. नळाचं पाणी सगळ्यांसमोर घागरीत ओतलं गेलं. एका भक्ताला हात बुडवायला लावला, त्याने 'कोमट' अशी साक्ष दिली. मग महाराजांनी भगव्या पिशवीतून मापाने पिवळ्या अक्षता सोडल्या. त्यांना कापराचा वास होता. त्रिशुळाने ढवळत बारीक आवाजात मंत्र म्हटला. दोन-तीन मिनिटांत घागरीला बाहेरून घाम फुटला, आणि त्याच भक्ताने पुन्हा हात घातला तो करंट लागल्यासारखा बाहेर काढला.

"बर्फ नाही, बिजली नाही, कंप्रेसर नाही," महाराज म्हणाले. "हिमालय स्वतः चालत येतो. तिकीट काढत नाही, रिझर्वेशन करत नाही. भक्ताच्या अंगातली उष्णता त्याला हाक मारते, आणि तो येतो."

महाराजांच्या शास्त्रात सगळे रोग उष्णतेचे होते. बीपी ही रक्ताची उष्णता, शुगर ही गोडाची उष्णता, सुनेशी पटत नसेल तर ती स्वयंपाकघराची उष्णता. उपाय एकच, शीतल तीर्थ. साध्या उष्णतेला एक चमचा, आणि मोठ्या उष्णतेला सकाळ-संध्याकाळ फुलपात्रभर. चवीला ते खारट-कडू लागे. ही कडू चव म्हणजे शरीरातलं पाप असल्याचा खुलासा महाराज आधीच करून ठेवत, त्यामुळे तोंड वाकडं करायची सोय उरत नसे.

आमच्या गावाला हा चमत्कार का लागू पडला, ते सांगायला हवं. भिलाईच्या माणसाला गरम होण्याचं नवल नसतं. इथे प्रत्येक घरात कुणीतरी चाळीस वर्षं लोखंड वितळवून रिटायर झालेलं असतं. पंधराशे अंश म्हटलं तरी आमचे लोक जांभई देतात. पण आगीशिवाय तापवणं जसं अशक्य, तसं फ्रिजशिवाय थंड करणंही अशक्य, अशी आमची पक्की समजूत. त्या समजुतीवरच महाराजांनी चौरंग मांडला होता.

सेक्टर दहामधले माझे शेजारी अरुणकुमार हे ब्लास्ट फर्नेसचे रिटायर्ड फोरमन. मूळचे वर्ध्याकडचे. हा माणूस ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवत नाही. दुधात पाणी किती, हे ते दूधवाल्यासमोर लॅक्टोमीटर घालून सांगतात, म्हणून दूधवाला त्यांच्या दाराशी घंटी वाजवत नाही, बाटली ठेवून पळतो. महाराजांकडे पहिल्या दिवशी ते थर्मामीटर घेऊनच गेले. पाणी ओतल्यावर रीडिंग, अक्षता टाकल्यावर रीडिंग. घरी येऊन त्यांनी प्लांटच्या पद्धतीने लॉगबुक आखलं. तारीख, वेळ, आधीचं तापमान, नंतरचं तापमान, फरक, आणि शेवटी शेरा. शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं: महाराजांची कृपा.

"सुशील, मी डोयानं नाई पाह्यलं," ते मला म्हणाले, "थर्मामीटरनं पाह्यलं. डोया धोका देते. पारा नाई देत."

यात एरवी गंमतच होती. पण महाराजांच्या 'मोठ्या उष्णते'च्या यादीत त्यांच्या पत्नी कमलिनीकाकू होत्या. काकूंची किडनी वर्षभरापासून थकत चालली होती. डॉक्टरांनी खाण्यापिण्यावर बंधनं घातली होती, आणि आता डायलिसिसचा विचार करावा लागेल, सोमवारी येऊन भेटा, असं सांगितलं होतं. तो सोमवार उलटून गेला. अरुणकुमारांचं म्हणणं, एकवीस दिवसांचा कोर्स आहे, मधेच तोडला तर रीडिंगला अर्थ राहत नाही. काकूंना उलट्या होऊ लागल्या, तर महाराजांनी उष्णता निघून राहिल्याचं सांगितलं. त्या दिवसा झोपू लागल्या, तर थंडावा चढून राहिला.

गाडी माझी, म्हणून रोज दोन वेळा नेणं-आणणं माझ्याकडे. मीही एकदा घागरीत हात घातला होता. चव्वेचाळीस अंशांच्या दुपारी तो हात बाहेर काढावासा वाटला नाही. मनगटापर्यंत पटलं की माणूस डोक्यापर्यंत जायचा कंटाळा करतो. मी रोज गाडी काढत राहिलो.

अकरावा दिवस गुरुवार होता. सकाळची फेरी आटोपून, काकूंना घरी सोडून, मी माझ्या भाचीला डबा द्यायला गेलो. ऐश्वर्या त्याच रस्त्यावरच्या एका ट्रक वर्कशॉपमध्ये सर्व्हिस इंजिनिअर आहे. लोक तिला आधी रिसेप्शनिस्ट समजतात आणि नंतर माफी मागतात.

ती एका ट्रकच्या बाजूला उकिडवी बसली होती. ट्रकला दोन टाक्या होत्या, मोठी डिझेलची आणि तिच्याशेजारी निळ्या झाकणाची छोटी. त्या निळ्या झाकणाभोवती पांढरा खार चढला होता, जुन्या नळाभोवती चढतो तसा. शेजारी ड्रायव्हर नत्थू, उमरेडचा, तोंड पाडून उभा होता. गाडी दुर्गच्या पुलावर अचानक बसली होती. बसली म्हणजे बंद नाही पडली, फक्त वीसच्या वर जाईना. मागून सायकलवाले पुढे जात होते, आणि त्यातल्या एकाने थांबून धक्का देऊ का म्हणून विचारलं होतं.

ही छोटी टाकी कसली, हे मी विचारलं. नव्या ट्रकांना डिझेलखेरीज युरियाचं पाणी लागतं, ऐश्वर्या म्हणाली. ड्रायव्हर त्याला नुसतं युरिया म्हणतात. शुद्ध युरिया आणि शुद्ध पाणी, शंभरात साडेबत्तीस भाग युरिया. इंजिनात ते जातच नाही. सायलेन्सरच्या वाटेवर धुरात त्याचा फवारा उडतो आणि विषारी धूर निवळतो. सांडलं आणि वाळलं की पांढरा खार होतो, तो ओल्या फडक्याने लगेच पुसायचा असतो. फनेल वेगळं ठेवायचं, बादली उन्हात ठेवायची नाही, आणि निळं झाकण सोडून डिझेलच्या टाकीत तर मुळीच ओतायचं नाही. तरी दर महिन्याला एक जण ओततोच. आणि युरियात भेसळ असेल, तर ट्रकचा सेन्सर ओळखतो, दिवा लावतो आणि गाडीचा जोर काढून घेतो.

नत्थूने कुठून भरलं, ते तिने विचारलं. नत्थूने मान खाली घातली.

"हेमराजकडून, म्याडम. याच रोडवर शेड हाय त्याची. शेतीचा युरिया ड्रममदी कालवून विकत होता, सस्ता भेटे. गाडी बसली तं मी तक्रार घेऊन गेलो. पाह्यतो तं काय, तिथं अगरबत्ती लागून हाय आन् हेमराज भगवं घालून बसला हाय. मले म्हणते, नत्थू, माल खराब नाई, तुह्या गाडीत शंका हाय."

"आणि तू काय केलंस?"

"त्यानं तीर्थ देल्लं. म्हणे, थे टाक टाकीत. टाकलं."

"मग?"

"पहिले तीसनं तरी चालून राहिली होती."

माझ्या गाडीत काकूंच्या फुलपात्राएवढ्या तीर्थाची बाटली होती, एखादी फेरी चुकलीच तर असावी म्हणून महाराजांनी, म्हणजे याच हेमराजने, दिलेली. ऐश्वर्याने ती बाटली हुंगली, कापरामागे कडुनिंबाचा उग्र वास होता. सरकार शेतीच्या युरियाला निंबोळीचं तेल चोळून विकतं, हे तिला ठाऊक होतं. तिने खिशातून वीतभर लांबीची, छोट्या दुर्बिणीसारखी नळी काढली. तिच्या काचेवर तीर्थाचे दोन थेंब ठेवले, उजेडाकडे धरून एक डोळा मिटला. ट्रकचा युरिया खरा की खोटा, हे ती रोज याच नळीने पाहते.

"शंभरात एकतीस भाग युरिया," ती म्हणाली. "मामा, हे तुमच्या गाडीत टाकायला आणलं का? क्यों कि तुमची तो पेट्रोल आहे."

मी सांगितलं, कमलिनीकाकू पितात. दिवसातून दोनदा.

तिने नळी पुसून खिशात टाकली. मग काकूंचा शेवटचा रिपोर्ट कुठे आहे, असं विचारलं. तो माझ्या डॅशबोर्डमध्येच होता, तीन आठवड्यांपूर्वीचा. तिने एका ओळीवर बोट ठेवलं. ब्लड युरिया. नव्वद. पुढे बाण, वरच्या दिशेचा.

शरीर रोज युरिया बनवतं आणि किडनी तो बाहेर टाकते, ती म्हणाली. काकूंच्या किडनीला घरचाच युरिया बाहेर टाकता येत नाही, आणि हे लोक वरून बाहेरचा भरत होते. ट्रकने जे ओकून टाकलं, ते काकू मुकाट्याने पीत होत्या. ट्रकला श्रद्धा नसते, सेन्सर असतो.

मी तिथूनच अरुणकुमारांना फोन केला. ते चिडले नाहीत. शांतपणे म्हणाले, डॉक्टरांकडे नंबर आहेत, तसे माझ्याकडेपण आहेत, कोर्सच्या आधीचं एक धरून बावीस रीडिंग आहेत. मग त्यांनी ते फोनवर वाचून दाखवायला घेतले. सकाळी चौतीसवरून तेरा. संध्याकाळी सदतीसवरून सोळा. फोन स्पीकरवर होता. ऐश्वर्या कागदावर आकडे उतरवत होती आणि हळूहळू तिच्या चेहऱ्यावर हसू यायला लागलं.

"काका," ती म्हणाली, "दरबारात कधी तीस माणसं असतात, कधी दोनशे. भक्ती कमी-जास्त होत असेल ना? मग कृपा रोज बरोब्बर एकवीस अंश कशी?"

पलीकडे लॉगबुकाची पानं उलटल्याचा आवाज आला. मोजणाऱ्या माणसाला न मोजलेलं काही दाखवलं की तो आधी मोजलेलंच पुन्हा तपासतो. मग ते म्हणाले, संध्याकाळी पाचला दरबार आहे, या, बोलू. आज संध्याकाळचा डोस चुकवणार नाही, हेही ते म्हणाले.

पाच वाजता शेड पुन्हा भरली. काकू पहिल्या ओळीत खुर्चीवर, डोळे अर्धे मिटलेले. महाराजांनी चमत्कार आटोपला, थेट घागरीतून भरलेलं फुलपात्र काकूंच्या हातात दिलं. अरुणकुमारांनी रीडिंग लिहिलं, तेविसावं.

ऐश्वर्या उठून पुढे गेली आणि अगदी नम्रपणे म्हणाली की दुसऱ्या कुणाच्या हातून हिमालय येतो का, हे पाहायचं आहे. महाराज हसले. त्यासाठी बारा वर्षं गुहेत बसावं लागतं, म्हणाले. नत्थू मागून म्हणाला की बारा महिन्यांपूर्वी तुम्ही माझ्या टाकीत फनेल धरून उभे होता. दोन-चार जण हसले. महाराजांनी परवानगी नाकारली.

"हरकत नाही," ऐश्वर्या म्हणाली. "बाहेर करते."

शेडच्या दाराशीच पंचफुला भाजी घेऊन बसते. तिचं माहेर आमगावचं, सासर इकडचं, आणि मागच्या अंगाला तिची स्वतःची बाडी आहे, तिथली भाजी ती विकते. ऐश्वर्याने दुपारीच येऊन तिच्याशी काय ठरवायचं ते ठरवून ठेवलं होतं. माणसं माना वळवून बाहेर पाहायला लागली. थोड्या वेळात महाराजांसमोर पाठीच पाठी दिसू लागल्या.

महाराजांच्या घागरीएवढंच एक भांडं, तेवढंच पाणी. माप महाराजांच्या मापाएवढं. मापात पांढरे दाणे, साबुदाण्यासारखे. थर्मामीटर कुणाचं, हा प्रश्नच नव्हता.

"काका, रीडिंग तुम्हीच घ्या," ऐश्वर्या म्हणाली.

रीडिंग घ्या म्हटल्यावर अरुणकुमार थांबू शकत नाहीत. ते उठले, काकूंना खुर्चीसकट दाराशी आणून बसवलं आणि बाहेर आले. सदतीस. पंचफुलाने दाणे ओतले, भाजी हलवायच्या काठीने ढवळायला सुरुवात केली, आणि मंत्र म्हणायला सांगितल्यावर तिला जो येत होता तो तिने खणखणीत म्हटला: "ढेमसं चाळीस, दोडका साठ, भेंडी पन्नास, कोथिंबीर दहाची जुडी, कोथिंबीर दहाची जुडी."

तिसऱ्या कोथिंबिरीला भांड्याला घाम आला. पारा सोळावर.

ऐश्वर्याला वाटलं असेल की आता काम झालं. मलाही वाटलं. पण आमच्या गावाला आम्ही दोघं पुरते ओळखत नव्हतो. एक बाई हात जोडून पुढे झाली आणि पंचफुलाच्या पायाशी वाकली. मागून दुसरी. कुणीतरी म्हणालं, भाजीवालीच्या अंगात शीतलादेवी आली. महाराजांनी संधी साधली. आतून मोठ्याने म्हणाले की आमची कृपा दारापर्यंत पसरली, हेच तर आम्ही सांगून राहिलो होतो. दोन मिनिटांत रांग लागली असती.

पंचफुलाने पाय मागे घेतले.

"पाय नका धरू, ढेमसं घ्या," ती म्हणाली. "देवी-गिवी काई नाई. युरिया हाय हा. मी दरसाल धानाले टाकतो, बाडीले फवारतो. पाण्यात कालवलं का हात गार पडतेच. पाच-पाच मिनटं हात बधिर राह्यते. हे तं आमच्या लेकराइलेबी मालूम हाय."

एवढे दिवस इथे दारात बसून ती हे पाहत होती, तर कुणाला बोलली कशी नाही, असं एकाने रागावून विचारलं.

"तुमी इचारलं कुठं? तुमी भाव इचारला."

पण अरुणकुमार अजून थर्मामीटर हातात धरून उभे होते. दोन्हीकडे एकवीस. त्यांच्या मते एवढ्याने काहीच सिद्ध होत नव्हतं. दोघांवरही कृपा असू शकते. चाळीस वर्षं भट्टीजवळ काढलेला माणूस अशा प्रश्नात अडकला की तो स्वतः सुटल्याशिवाय सुटत नाही.

ऐश्वर्याने त्यांच्या हातात माप दिलं. आता तुम्ही करा, म्हणाली. मंत्र नको, काठी पंचफुलाची, आणि माप अर्धंच. मग त्यांच्या लॉगबुकातून एक कोरा कागद मागून त्यावर काहीतरी लिहिलं, घडी घातली आणि कमलिनीकाकूंच्या मांडीवर ठेवली.

"अर्धं माप टाकलं तर अर्ध्याहून थोडी जास्त कृपा होईल, काका. कितीची, ते लिहून ठेवलंय. हिमालय येत असेल तर तो माप बघून थोडीच येईल?"

अरुणकुमारांनी नवं पाणी घेतलं. सदतीस. दाणे टाकले. एक शब्द न बोलता ढवळलं. पारा उतरला आणि थांबला.

"पंचवीस," ते म्हणाले.

काकूंनी घडी उघडली. फरक बारा, असं लिहिलेलं होतं.

अरुणकुमारांनी तो कागद घेऊन थर्मामीटरशेजारी धरला. ऐश्वर्याने मग साध्या भाषेत सांगितलं. युरिया पाण्यात विरघळताना उष्णता लागते. ती तो पाण्यातूनच ओढून घेतो, म्हणून पाणी थंड पडतं. युरिया जास्त तशी थंडी जास्त, पण अगदी दुप्पट नाही, कारण टाकलेल्या दाण्यांनाही थंड व्हावं लागतं. हळद त्याचा पांढरा रंग झाकायला, कापूर कडुनिंबाचा वास मारायला. बाकी मंत्राचं काम म्हणाल, तर दाणे विरघळेपर्यंत लोकांना गुंतवून ठेवायचं. नत्थूने शेडमागून दोन रिकाम्या गोण्या आणून चौरंगावर टाकल्या. त्यांच्यावर काय छापलं होतं, ते लांबूनही वाचता येत होतं.

कमलिनीकाकूंनी हातातलं फुलपात्र खुर्चीच्या बाजूला जमिनीवर रिकामं केलं, सावकाश, कुणाच्या अंगावर उडणार नाही असं.

"अवो," त्या म्हणाल्या, "तेवीस खेपा पाण्याचा ताप मोजला तुमी. माह्या रिपोर्टवर एक डाव बी नाई पाह्यलं."

अरुणकुमारांनी लॉगबुक मिटलं. मला म्हणाले, "सुशील, गाडी काढ. हॉस्पिटल."

हॉस्पिटलात काकूंचा आकडा दोनशे वीस निघाला. त्याच संध्याकाळी डायलिसिस सुरू झालं. डॉक्टर म्हणाले, दोन-तीन दिवस आणखी गेले असते तर मी काही सांगू शकलो नसतो. आता काकू आठवड्यातून दोनदा जातात आणि बाकीचे दिवस नवऱ्यावर डाफरतात, म्हणजे बऱ्या आहेत.

हेमराजच्या विरोधात ठाण्यात तक्रार गेली. पण त्याआधी, त्याच संध्याकाळी, नत्थूने त्याला भगव्यासकट वर्कशॉपमध्ये नेलं होतं आणि ऐश्वर्याच्या देखरेखीखाली आपली निळ्या झाकणाची टाकी धुवायला लावली होती. हातमोजे घालून, शुद्ध पाण्याने तीनदा, आणि झाकणाभोवतीचा पांढरा खार ओल्या फडक्याने कानाकोपऱ्यातून पुसून. काकूंना दाखल करून मी तिथे पोचलो, तेव्हा हेमराज मला हळूच म्हणाला, "साहेब, पहिल्या दिवशी ड्रम गार पडला तं मीबी घाबरलो होतो. मले वाटलं खरंच काई हाय." मला ते खरं वाटलं. त्याला हे युरियामुळे होतं हे कळलं होतं, का होतं हे त्याने कधी विचारलं नव्हतं. पुढे ट्रकांनी माल परत करायला सुरुवात केली, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की माणसांना दिवा नाही.

अरुणकुमारांचं लॉगबुक मी परवा पाहिलं. आता त्यात काकूंचे आकडे असतात, तारखेनिशी. जुन्या पानांवर, तेवीस ओळींत, शेऱ्याच्या रकान्यातलं 'महाराजांची कृपा' एकेका रेघेने खोडलेलं आहे. खाली लिहिलंय 'युरिया', आणि तेविसाव्या ओळीत कंसात, बारीक अक्षरात, 'विचारायला हवं होतं.'

एवढंच मलाही वाचकांना सांगायचं आहे. मोजलं म्हणजे समजलं असं होत नाही. थंड झालं हे खरं असू शकतं, आणि का झालं याचं उत्तर तरीही साफ खोटं असू शकतं. म्हणून पुढच्या वेळी कुणी चमत्कार दाखवला तर आत काय टाकलं ते विचारा, अर्धंच टाकून पाहा, दुसऱ्याच्या हातून करवून पाहा, आणि दाराशी बसलेल्या बाईला भाजीच्या भावाखेरीज आणखीही काही माहीत असेल, हे धरून चाला. खोटं आत गेलं की पेटणारा दिवा ट्रकला कारखान्यातच बसवून मिळतो. आपला आपल्याला बसवून घ्यावा लागतो.